वेगळ्या चुलीची फेरी : ऑक्सफर्ड प्रकल्पाच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

उन्हाळा आला की इथल्या मराठी घरांत कोणाचे ना कोणाचे आई-वडील येतात. पहिल्या शनिवारी त्यांना ठरलेलं ऑक्सफर्ड दाखवून होतं: रॅडक्लिफ कॅमेऱ्याचा घुमट, क्राइस्ट चर्चचं जेवणाचं दालन, मॉडलिन पुलाखालच्या होड्या. दुसऱ्या शनिवारी काय दाखवायचं, हा प्रश्न दरवर्षी पडतो. ही फेरी त्या दुसऱ्या शनिवारसाठी.

खरं तर माझ्या डोक्यात एकच थांबा होता. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, एवढं शाळेपासून माहीत होतं. पण ते कॉलेज तेव्हा ऑक्सफर्ड विद्यापीठाचा भागच नव्हतं, हे मला गेल्या वर्षी कळलं. ऑक्सफर्डात असून विद्यापीठाबाहेर? का, ते शोधायला निघाले आणि पार सोळाव्या शतकात जाऊन पोचले. म्हणून आता थांबे आठ. अँग्लिकन चर्चला, म्हणजे राजाच्या चर्चला, ‘हो’ न म्हणणाऱ्या प्रॉटेस्टंटांच्या जागा: बाप्टिस्ट, क्वेकर, मेथडिस्ट, काँग्रिगेशनल, युनिटेरियन.

आम्ही तिघं. मजकूर माझा, नकाशा मित्राचा, भाषा ताईंची. ताई रेडिंगला राहतात, रविवारी मुलांना मराठी शिकवतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपातलाही ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवतात.

आजची सगळी बैठक एका शब्दावर गेली. ‘डिसेंटर’ला मराठीत काय म्हणायचं? ‘असहमत’ म्हटलं तर सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त वाटतं. ‘पाखंडी’ ही शिवी, तीही समोरच्या बाजूनं दिलेली. मी कोशातून ‘मतभेदी’ काढला, मित्र म्हणाला हे टूथपेस्टचं नाव वाटतंय. शेवटी ताईच म्हणाल्या, “अगं, वेगळी चूल मांडली म्हण की. घर तेच, आडनाव तेच, चूल वेगळी.” फेरीचं नाव तिथंच ठरलं.

८ मार्च, शनिवार

आज बॉन स्क्वेअरपासून न्यू इन हॉल स्ट्रीटपर्यंत पावलं मोजली. अंतर किरकोळ, पण फेरीतला सगळ्यात दाट तुकडा हाच.

बॉन स्क्वेअरला न्यू रोड बाप्टिस्ट चर्च. समोर वेस्टगेट मॉलची गर्दी. मी दहा मिनिटं समोरच्या कठड्यावर बसून पाहिलं. इतके लोक गेले, एकानंही मान वर केली नाही. इमारतीचं दर्शनी अंग १८१९ सालचं, पण जागेवरची पहिली वास्तू १७२१ची. म्हणजे ‘न्यू रोड’ हा रस्ता चॅपलपेक्षा पन्नासेक वर्षांनी धाकटा.

१७२१ला नवं का बांधावं लागलं, त्याची गोष्ट १७१५ची. जर्मनीहून आलेला जॉर्ज पहिला नुकता गादीवर बसला होता आणि ऑक्सफर्डला तो नको होता. २८ मेला त्याचा वाढदिवस. त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री जमाव बाहेर पडला. राजा लंडनला, हाताशी कोण? ज्यांना नव्या राजाचं संरक्षण होतं ते, म्हणजे वेगळ्या चुलीवाले. प्रेस्बिटेरियनांची, बाप्टिस्टांची, क्वेकरांची प्रार्थनेची ठिकाणं फोडली. राग एकावर आणि दगड दुसऱ्याच्या कौलांवर; आपल्या काकांना हा थांबा समजवायला फार बोलावं लागणार नाही.

या मंडळींचं मला आवडलेलं काम मात्र शांतपणे झालेलं आहे. १७८० साली त्यांनी आपापसात एक करार केला. लहानपणी पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा खरा, की कळत्या वयात पाण्यात बुडी मारून घेतलेला, यावरून बाप्टिस्ट आणि इतरांचं जुनं भांडण. करार असा की हा मुद्दा ज्याचा त्याच्यापाशी. प्रभुभोजनाला सगळे एका मेजावर.

तिथून वळलं की न्यू इन हॉल स्ट्रीट. वेस्ली मेमोरियल चर्च १८७८चं, उंच मनोऱ्याचं, ते लगेच दिसतं. मला हवं होतं ते त्याच रस्त्यावरचं ३२ ते ३४ नंबरचं घर. साधं, बसकं; पाटी नसती तर कुणाचं घर म्हणून पुढे गेले असते. जॉन वेस्लीनं या घरात पहिलं प्रवचन दिलं ते १४ जुलै १७८३ला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी.

ही तारीख मी आधी नुसती उतरवून घेतली होती. दुपारी चहा पिताना डोक्यात प्रकाश पडला. वेस्ली काही परका नव्हे, १७२६पासून लिंकन कॉलेजचा फेलो. १७२९च्या सुमारास तो, त्याचा भाऊ चार्ल्स आणि चारदोन पोरं नेमानं उपास, प्रार्थना, तुरुंगभेटी करायला लागली, तर बाकीच्यांनी चिडवून त्यांना ‘मेथडिस्ट’ नाव ठेवलं. आपल्याकडे ‘नेमधर्मवाले’ म्हटलं असतं. पुढे १७४४च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चच्या व्यासपीठावरून त्यानं विद्यापीठाला तोंडावर विचारलं की तुमच्यात खरे ख्रिस्ती किती आहेत? त्याला परत कधी बोलावलं नाही. सेंट मेरी ते हे घर, चालत सात-आठ मिनिटं. त्याला लागली एकोणचाळीस वर्षं. आणि गंमत अशी की तो स्वतः मरेपर्यंत अँग्लिकन पाद्रीच राहिला. चूल त्याच्या माणसांनी वेगळी केली.

मित्राला सांगितलंय की नकाशावर सेंट मेरीपासून या घरापर्यंत एक ठिपक्यांची रेघ हवी. बाकी कुठे नको, इथे हवीच.

९ मार्च, रविवार

सेंट जाइल्सवर ४३ नंबरला क्वेकरांचं सभाघर. सकाळच्या सभेला जाऊन बसले. पाद्री नाही, वेदी नाही, भजन नाही. गोल मांडलेल्या खुर्च्या आणि तासभर शांतता. मध्येच एक बाई उठल्या, चार वाक्यं बोलल्या, बसल्या. कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी शेजारच्याशी हात मिळवायचा, की सभा संपली. माझ्या पोटात भुकेनं आवाज झाला तो सगळ्यांनी ऐकला असावा.

या शांत लोकांचा ऑक्सफर्डमधला पहिला प्रवेश असा: १६५४च्या उन्हाळ्यात उत्तरेकडून एलिझाबेथ फ्लेचर आणि एलिझाबेथ लेव्हन्स या दोघी आल्या. फ्लेचर तर सोळा-सतरा वर्षांची पोर. त्यांनी रस्त्यात आणि कॉलेजांत उपदेश सुरू केला. विद्यार्थ्यांनी त्यांना सेंट जॉन्स कॉलेजच्या पंपाखाली धरून तोंडावर, मानेवर पाणी सोडलं. मग त्यांना फटके मारून गावाबाहेर काढलं, तेही विद्यापीठाच्या कुलगुरूच्या हुकमानं.

तो कुलगुरू जॉन ओवेन. आणि ओवेन स्वतः इंडिपेंडंट, म्हणजे बिशपांचं राज्य न मानणारा. राजा चार्ल्सचं डोकं उडवल्यानंतर क्रॉमवेलच्या काळात त्याच्या पंथाला बरे दिवस आले आणि तो खुर्चीवर बसला. आठेक वर्षांनी राजसत्ता परतली आणि ओवेनसारख्यांचीच गणना वेगळ्या चुलीवाल्यांत झाली. सासूचा जाच सोसलेली सून पुढे सासू होते, ते काही फक्त आपल्याच घरांत नाही.

ताई म्हणतात हे वाक्य पत्रकात नको, काकवा दुखावतील. बोलताना सांगेन.

सेंट जॉन्सचं फाटक सभाघराच्या वाटेवरच लागतं, म्हणून एका थांब्यात दोन्ही.

२१ मार्च, शुक्रवार

मुद्दाम आजच अर्धी रजा काढून ब्रॉड स्ट्रीटला गेले. १५५६ साली याच तारखेला थॉमस क्रॅन्मरला इथं जाळलं. त्याआधी १६ ऑक्टोबर १५५५ला ह्यू लॅटिमर आणि निकोलस रिडली या दोन बिशपांना. बेलियल कॉलेजसमोर रस्त्यातच दगडांचा क्रूस बसवलेला आहे, मोठ्या ताटाएवढा. मी उभी होते तेवढ्यात त्यावरून सायकली गेल्या आणि एक सामान पोचवणारी गाडी त्याच्याजवळ थांबून गेली. तेव्हा ही जागा तटाबाहेरचा खंदक होती.

हे तिघं वेगळ्या चुलीवाले नव्हेत, ते अँग्लिकन चर्चचे पायाचे दगड. क्रॅन्मरनंच त्याचं प्रार्थनापुस्तक रचलं. राणी मेरीनं देश परत रोमकडे वळवला आणि हे जळले. एलिझाबेथ आली आणि यांचं चर्च सरकारी झालं. मग त्या सरकारी चर्चनं पुढच्यांना छळलं. मित्राचा आग्रह होता की हा थांबा गाळावा. मी ठेवला, कारण पुढचं सगळं त्याच ताटात वाढलेलं आहे.

क्रॅन्मरचं मला काय लागतं सांगू? त्यानं दबावाखाली आपली मतं मागे घेतली होती. सहीनिशी. तरी मरण टळलं नाही. शेवटच्या दिवशी त्यानं सही मागे घेतली आणि ज्या उजव्या हातानं ती केली होती तो हात आधी ज्वाळेत धरला. दगडी स्मारकातल्या तिघांत हा एकच माणूस मला माणूस वाटतो.

या तिघांचं स्मारक, मार्टर्स मेमोरियल, इथून दोन मिनिटांवर, सेंट जाइल्सच्या तोंडाशी. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं १८४०च्या दशकात उभारलं. नीट पाहिलं तर चर्चचा नुसता कळस जमिनीतून वर आल्यासारखा दिसतो. खाली आख्खं चर्च बुडालंय, जिना त्या बाजूला आहे, असं पाहुण्यांना सांगून फसवायची इथल्या पोरांची जुनी खोड. तीनशे वर्षांनी हे स्मारक आठवायचं कारण साधं होतं: तेव्हा जॉन हेन्री न्यूमन हा अँग्लिकन पाद्री आणि त्याचे मित्र ऑक्सफर्डमधूनच चर्चला पुन्हा रोमच्या दिशेनं ओढत होते, आणि समोरच्यांना त्यांच्या नाकासमोर काहीतरी दगडी उभं करायचं होतं. पुतळे कुठल्या गावाला बसतात आणि कधी बसतात, यात आपण काही कमी तज्ज्ञ नाही.

परतताना कॉर्नमार्केटवरचा सेंट मायकेलचा मनोरा. त्याला लागून शहराचा उत्तर दरवाजा होता आणि दरवाजावर बोकार्डो नावाचा तुरुंग. वेस पाडली १७७१ला. कोठडीचं दार मनोऱ्यात ठेवलंय. काळं पडलेलं जाड लाकूड, लोखंडाच्या पट्ट्या. हे तिघं बिशप इथं कोंडलेले होते. पावणेदोनशे वर्षांनी याच तुरुंगात कर्जापायी अडकलेल्यांना भेटायला वेस्ली यायचा. एका दारात दोन गोष्टी, शिवाय वर गेलं की बसायला बाक. थांबा पक्का.

५ एप्रिल, शनिवार

पत्रकाचं दुसरं पान अडलं. कायदे. एकूण सहा कायदे सांगितल्याशिवाय जागा का लपलेल्या आहेत ते कळत नाही, आणि सहा कायदे सांगितले की लोक झोपतात. आज कापाकापी केली. उरलं ते असं.

१५८१पासून ऑक्सफर्डला नाव घालतानाच अँग्लिकन चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. केंब्रिजला निदान शिकता यायचं, अडायचं ते पदवीपाशी. ऑक्सफर्ड उंबऱ्यातच अडवायचं. १६६४चा कायदा म्हणाला, घरच्यांखेरीज पाचांहून जास्त लोक वेगळ्या उपासनेला जमले तर गुन्हा. १६६५ला लंडनात प्लेग, म्हणून पार्लमेंट ऑक्सफर्डला भरलं, आणि इथं बसून त्यांनी असा कायदा केला की चर्चमधून काढलेल्या पाद्र्यानं नगरपालिका असलेल्या कुठल्याही गावाच्या, आणि जिथं त्यानं आधी उपदेश केला त्या गावाच्या, पाच मैलांत पाऊल टाकायचं नाही. टाकायचं असेल तर शपथ घ्या. याला लोक ‘ऑक्सफर्डचा कायदा’ असंही म्हणत. मित्रानं कारफॅक्सच्या चौकात कंपास रोवून वर्तुळ काढलं: उत्तरेला ते थेट किडलिंग्टनपर्यंत जातं. छान दिसतंय, पत्रकाच्या मागच्या पानावर पाण्याच्या खुणेसारखं टाकू.

१६८९ला बहुतेकांना उपासनेची मुभा मिळाली, पण त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे न मानणाऱ्या युनिटेरियनांना नाही; त्यांना १८१३पर्यंत थांबावं लागलं. विद्यापीठाचं दार १८५४ला किलकिलं झालं आणि १८७१ला नीट उघडलं.

या पानावर मी दोन माणसं ठेवली आहेत. विल्यम पेन, क्राइस्ट चर्चचा विद्यार्थी, १६६०ला आला. सक्तीच्या चॅपलवरून वाजलं आणि दोन वर्षांत हाकलला गेला. पुढे क्वेकर झाला आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया वसवलं. दुसरी माणसं खरं तर सहा: १७६८ला सेंट एडमंड हॉलमधून सहा विद्यार्थी काढले, आरोप मेथडिस्टपणाचा, म्हणजे खाजगी घरांत प्रार्थना करतात वगैरे. कायदे विसरतील, पण एका खोलीतल्या प्रार्थनेसाठी सहा पोरं काढली हे काकू घरी जाऊन सांगतील.

शब्दाची एक अडचण ताईंनी पकडली. ‘चॅपल’ म्हणजे इथं दोन अगदी उलट गोष्टी. कॉलेजचं चॅपल म्हणजे अस्सल सरकारी, सक्तीच्या हजेरीचं. रस्त्यावरचं चॅपल म्हणजे त्याला नकार देणाऱ्यांचं. पत्रकात पहिल्याला ‘कॉलेजचं चॅपल’ आणि दुसऱ्याला नुसतं ‘चॅपल’ असं सगळीकडे सारखं करून घेतलं. एकोणीस ठिकाणी बदल.

१२ एप्रिल, शनिवार

आज फक्त नसलेल्या जागा. जॉर्ज स्ट्रीटवरचं काँग्रिगेशनल (म्हणजे ओवेनसारख्या इंडिपेंडंटांचं) चॅपल, १८३२चं, पाडलेलं. सेंट एब्ज भागातलं बुल्टीलचं चॅपल, तेही गेलं. हेन्री बुल्टील सेंट एब्ज या अँग्लिकन चर्चचा क्यूरेट, म्हणजे दुय्यम पाद्री. १८३१ला विद्यापीठाच्या प्रवचनात विद्यापीठाचीच सालटी काढली, आणि त्याच वर्षी बिशपनं परवाना काढून घेतला. मग त्यानं स्वतःचं चॅपल बांधलं आणि नाव दिलं अदुल्लाम. बायबलात राजा शौलापासून पळालेला दावीद ज्या गुहेत लपला आणि जिथं सगळे गांजलेले, कर्जबाजारी त्याच्याभोवती जमले, ती गुहा. नावातच टोमणा.

दाखवायला काही नाही म्हणून थांबा नाही. चालता चालता दोन वाक्यं.

२६ एप्रिल, शनिवार

वाँटेजला बसनं गेले. फेरीत हे येणार नाही, ऑक्सफर्डपासून चोवीसेक किलोमीटर आहे. पण पत्रकात एक चौकट पंडिता रमाबाईंची हवी, आणि जागा न पाहता लिहायचं जिवावर आलं.

बाजारात राजा आल्फ्रेडचा पुतळा, भोवती भाजीचे ठेले. मठ गावाच्या कडेला. १८८३ला रमाबाई मनोरमेला घेऊन इथल्या सिस्टरांकडे आल्या. याच सिस्टरांचं काम पुण्यात पंचहौदला होतं, ओळख तिथली. २९ सप्टेंबर १८८३ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आपल्याकडे गोष्ट इथं संपते: बाई बाटल्या. इथं मात्र ती सुरू होते.

कारण बाप्तिस्मा घेतल्यावर त्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून भांडायला लागल्या. त्रैक्य मला पटत नाही. अथनेशियसचा मतांगीकार, म्हणजे त्रैक्याची ती जुनी कबुली, म्हणणार नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, आमच्या संस्कृतात काय उणं आहे? एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवून आलेय, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, असा त्या पत्रांचा सूर. चेल्टनहॅमला त्या संस्कृत शिकवायला गेल्या, तर इंग्रज तरुणांना एका हिंदुस्थानी बाईनं शिकवू नये म्हणून बिशपांनी हरकत घेतली. १८८६ला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. पुढे केडगावला त्यांनी उभं केलेलं मुक्ती मिशन कुठल्याच एका पंथाच्या दावणीला बांधलं नाही.

त्रैक्याबद्दल हेच प्रश्न विचारणारं कॉलेज, शिंद्यांचं मँचेस्टर कॉलेज, ऑक्सफर्डला आलं १८८९ला. तीन वर्षांची चुकामूक.

येताना बसमध्ये पंचहौद डोक्यात घोळत होतं. माझं माहेर गुरुवार पेठेत. तिथल्या चर्चच्या मनोऱ्याची घंटा ऐकत मी बाराखडी गिरवली. ते चर्च ऑक्सफर्डच्या काउली फादरांचं, म्हणजे इथल्या अँग्लिकन साधूंच्या संघाचं, हे मला ऑक्सफर्डला आल्यावर कळलं. आणि १८९०चं ते चहाप्रकरण तिथलंच: गोपाळराव जोशींनी पुण्याच्या प्रतिष्ठितांना मिशनमध्ये व्याख्यानाला नेलं, चहा-बिस्किटं पुढे आली, मग गोपाळरावांनीच नावं छापून आणली. रानडे, टिळकांपर्यंत सगळ्यांवर ग्रामण्य, प्रायश्चित्त. काउली फादर म्हणजे प्रॉटेस्टंट बंडखोर नव्हेत, उलट न्यूमनच्या बाजूचे. त्यांचं चर्चही मॉडलिन पुलापलीकडे, इफ्ली रोडला. म्हणून थांबा नाही. गोष्ट मात्र सांगणार.

१० मे, शनिवार

मॅन्सफिल्ड रोड. शेवटचे दोन थांबे इथं, आणि दोन्ही पाहून पहिल्यांदा वाटलं की आता हे लोक लपत नाहीयेत. १८७१ला दार उघडल्यावर काँग्रिगेशनलांनी बर्मिंगहॅमचं आपलं कॉलेज १८८६ला उचलून इथं आणलं: मॅन्सफिल्ड कॉलेज, इमारत १८८९ची, बेसिल चॅम्प्नीजची. मनोरा, हिरवळ, चॅपल, सगळं ऑक्सफर्डला शोभेलसं, किंबहुना थोडं जास्तच. अडीचशे वर्षं ज्यांना फाटकात उभं केलं त्यांनी बांधलेलं फाटक आहे ते.

खालच्या कोपऱ्यावर मँचेस्टर कॉलेज, आजचं हॅरिस मँचेस्टर. याचा प्रवास म्हणजे बिऱ्हाड पाठीवर: १७८६ला मँचेस्टर, १८०३ला यॉर्क, १८४०ला परत मँचेस्टर, १८५३ला लंडन, १८८९ला ऑक्सफर्ड. विद्यापीठं घेत नव्हती म्हणून या मंडळींनी स्वतःच्या शाळा काढल्या, आणि त्या विद्यापीठांहून ताज्या निघाल्या. अणुवादाचा जॉन डाल्टन याच संस्थेत शिकवत होता. नियम एकच: धर्मशास्त्र शिकवताना कुणाकडून कुठल्याही मताची कबुली घ्यायची नाही. ना शिक्षकाकडून, ना विद्यार्थ्याकडून.

म्हणून जमखंडीचा, प्रार्थना समाजाचा, बाप्तिस्मा न घेतलेला विठ्ठल रामजी शिंदे इथं धर्म शिकायला येऊ शकला. शिष्यवृत्ती ब्रिटिश युनिटेरियनांची, प्रवासखर्चाला हात सयाजीरावांचा. शिकवायला एस्टलिन कार्पेंटर. त्यांचे आजोबा लँट कार्पेंटर ब्रिस्टलचे युनिटेरियन पाद्री, १८३३ला राममोहन रॉय तिथं होते तेव्हाचे त्यांचे स्नेही. आत्या मेरी कार्पेंटर १८६६ला हिंदुस्थानात येऊन गेलेल्या. म्हणजे शिंदे परक्या घरात आले नव्हते, दोन पिढ्या जाणं-येणं असलेल्या घरात आले होते. इथून ते सुबोधपत्रिकेला पत्रं पाठवत. १९०३ला अ‍ॅम्स्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत निबंध वाचून परतले आणि १९०६ला अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं.

दारवानाला विचारून चॅपलमध्ये गेले. ऊन पश्चिमेचं होतं. बर्न-जोन्सच्या आराखड्यावरून मॉरिसच्या कारखान्यात केलेल्या काचा: सृष्टीचे सहा दिवस, सहा देवदूत, प्रत्येकाच्या हातात एक गोळा आणि गोळ्यात त्या दिवसाची निर्मिती. लाकडी बाकावर तांबडा-निळा उजेड सांडलेला. शिंदे नेमके कुठे बसत असतील असा बावळट विचार मनात आलाच. आणि १९२६ला राधाकृष्णन याच कॉलेजात हिंदू जीवनदृष्टीवर बोलले, तेही पत्रकात एका ओळीत बसवलं.

१७ मे, शनिवार

छपाईचा घोळ. पन्नास प्रती आल्या आणि पहिल्याच ओळीत ‘शंिदे’. पहिली वेलांटी सगळीकडे एक अक्षर पुढे सरकलेली, ‘मार्टर्स’वरचे रफार हवेत, ‘क्वेकर’चा पाय मोडलेला. छापणाऱ्या पोराला काहीच दोष दिसेना. त्याच्या मते सगळं एकसारखंच सुंदर होतं. त्याच्या यंत्रानं फाँट परस्पर बदलला होता. मित्रानं घरी बसून सगळा मजकूर चित्र म्हणून पाठवला तेव्हा सुटलो. ताईंनी बिघडलेली एक प्रत मुलांना ‘चुका ओळखा’साठी मागून घेतली.

७ जून, शनिवार

पहिली फेरी. नऊ जण, सगळ्यात मोठे चौऱ्याहत्तरचे काका, सगळ्यात लहान अकरा वर्षांची नात. अंदाज दीड तासाचा, लागले दोन तास वीस मिनिटं. पाऊस दोनदा.

न्यू रोडला काका म्हणाले, “हे सगळे ख्रिस्तीच ना? मग भांडण कशावरून?” मी १७८०चा करार सांगायला तोंड उघडलं, तर मागून एक काकू म्हणाल्या, “आमच्या माहेरी गंध उभं, सासरी आडवं. लग्न मोडायची वेळ आली होती.” माझी चार वाक्यं वाचली.

ब्रॉड स्ट्रीटच्या क्रूसापाशी नात उकिडवी बसली आणि दगड मोजायला लागली. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता. पुढच्या वेळी तिथं एकानं रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. पंपाची गोष्ट ऐकून दोन काकवा सेंट जॉन्सच्या फाटकाकडे अशा बघत होत्या की आतून बाहेर येणारा विद्यार्थी दचकला.

मँचेस्टर कॉलेजात काका बराच वेळ काचेखाली उभे होते. मग विचारलं, “शिंद्यांना मग ऑक्सफर्डची पदवी मिळाली का?” म्हटलं, कॉलेज विद्यापीठाचं झालं ते १९९०च्या दशकात. “म्हणजे ऑक्सफर्डला येऊन ऑक्सफर्डचे नाहीत,” ते म्हणाले आणि पत्रकाच्या कोपऱ्यात पेनानं काहीतरी लिहून घेतलं. मला दाखवलं नाही.

बदल करायचे ते: बोकार्डोचा मनोरा ऐच्छिक, जिने जास्त आहेत. स्वच्छतागृहाची खूण नकाशावर, दोन ठिकाणी. कायद्यांचं पान आणखी निम्मं. अदुल्लामची दोन वाक्यं मात्र सगळ्यांना आवडली, ती चार करायला हरकत नाही.

पुढची फेरी २८ जूनला. सात नावं आली आहेत. गंधवाल्या काकूंनी निरोप पाठवलाय की त्या थर्मासभर चहा आणि खारी आणतील, कुठल्या थांब्यावर उघडायचं ते कळव. मॅन्सफिल्ड रोडच्या बाकांवर, असं कळवलंय. पंचहौदची गोष्ट सांगून झाली की लगेच.